डावा रेडिएटर गळतोय, दुरुस्त करू की नवा घेऊ?

प्रश्न
रविवारी चढावर डर्ट बाइक डाव्या अंगावर पडली. जोरात नाही, पण खाली दगड होता. घरी उभी केली तर दहा मिनिटांत खाली हिरवं थारोळं. शराउड (रेडिएटरवरचं प्लास्टिकचं आवरण) काढून बघितलं: रेडिएटर मागे दाबला गेलाय, खालच्या कोपऱ्यातल्या फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) चपट्या झाल्यात. २५० सीसी, फोर-स्ट्रोक. एक मित्र म्हणतो गळती बंद करणारं द्रव ओत, दुसरा म्हणतो एपॉक्सी थाप. मला दोन्ही पटत नाहीये.

प्रतिसाद १
ते द्रव अजिबात नको. डर्ट बाइकच्या रेडिएटरच्या नळ्या अरुंद असतात, गळतीआधी त्याच तुंबतात. एपॉक्सी जंगलातून घरापर्यंत यायला ठीक.

प्रतिसाद २
आधी गळतंय कुठून ते पक्कं करा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं द्रव) होजवरून म्हणजे रबरी नळीवरून, फ्रेमवरून ओघळत भलतीकडेच ठिबकतं. मी एकदा अख्खा रेडिएटर उतरवला आणि शेवटी निघाली ढिली क्लॅम्प! वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं, तेही बघा. तिथून कूलंट येत असेल तर पंपाचं सील गेलंय, रेडिएटरचा काही दोष नाही. आणि इंजिन थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

रेडिएटर काढलात की तोंडं बंद करा, सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा आणि बादलीत बुडवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा (आधी पुसून घ्या, ओल्यावर मार्कर उठत नाही). झाकणावर १.१ असं काही छापलेलं असेल, तेवढ्या बारच्या वर जाऊ नका. मी घाईत कॉम्प्रेसर लावला होता, नळ्याच फुगवून बसलो.

गळती रेडिएटरच्या कडेच्या टाकीला किंवा होजच्या तोंडाशी असेल तर टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने केलेलं बारीक वेल्डिंग) होतं. पण द्यायच्या आधी आतून धुऊन पूर्ण वाळवा, ग्लायकॉल (कूलंटमधलं रसायन) राहिलं तर वेल्ड सच्छिद्र होतो. फिनांच्या मधल्या नळीत भोक असेल तर नाद सोडा. ती इतकी पातळ असते की एक भोक बुजवताना वेल्डर दुसरं पाडतो.

प्रश्नकर्ता
बुडवून बघितला. एक जागा टाकीच्या कडेला, दुसरी फिनांच्या आत. म्हणजे नवाच. उजवा धड आहे, तोही बदलू का?

प्रतिसाद २
कशाला? डावाच बदला. पण बसवताना बोल्ट ओढून जुळवू नका. फ्रेमचा कान (रेडिएटरचा बोल्ट बसतो ती पट्टी) वाकला असेल तर तो आधी सरळ करा, नाहीतर नव्या रेडिएटरवर ताण येऊन महिन्याभरात तडा. जुन्यावरचे रबरी बुश आणि आतल्या बाही जपून ठेवा, बऱ्याचदा नव्याबरोबर येत नाहीत. कूलंट सिलिकेट नसलेलं घ्या. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा, गाडी डावी-उजवीकडे झुकवत राहा, पातळी खाली जाईल तसं भरा. गरम व्हायच्या आत बंद करून झाकण लावा. पहिल्या फेरीनंतर, थंड झाल्यावर, पातळी परत बघा.

सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोडसर लागतं, कुत्र्या-मांजरांना विष आहे.

प्रतिसाद १
आणि या वेळी रेडिएटरला संरक्षक गार्ड लावाच.

प्रश्नकर्ता
मागवलाय. झाकण जुनंच चालेल ना?

प्रतिसाद २
खालचं रबर बघा. चिरलं किंवा कडक झालं असेल तर बदला.