दहा मिनिटांचं काम म्हणे! (घरचा फीड रीडर, उघडं पोर्ट वगैरे)

गोदाकाठचा
काल इथं एकाने लिहिलं की घरी फीड रीडर (आवडत्या साइटच्या नव्या बातम्या एका जागी गोळा करणारा) टाका, बाहेरून पोचायला राउटरवर पोर्ट म्हंजे दार उघडा, पासवर्ड लावा, दहा मिनिटांचं काम, आणि व्हीपीएन (फक्त आपल्याच डिव्हाइसना जोडणारा बंद बोगदा) म्हंजे "घाबरटांचे चोचले". वाचून डोकंच फिरलं म्हणून जरा लांबण लावतो.

पोर्ट उघडणार कुठे भाऊ? गंगापूर रोडला माझ्याकडे फायबर आहे, राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघितला तर १००.७२ ने सुरू. १००.६४ ते १००.१२७ मध्ये काही दिसलं की समजायचं सीजीनॅट, म्हंजे एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता) कितीतरी घरांत वाटून दिलाय. मग राउटरमध्ये हजार पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस कंपनीच्या दारातूनच परत जाणार.

आणि पब्लिक आयपी असला तरी. जुन्या घरी होता मला. सबडोमेन (साइटचं नाव) घेतलं, लेट्स एन्क्रिप्टचं फुकटचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट काढलं, चहा टाकून आलो तर सर्व्हरच्या लॉगमध्ये (कोण काय मागतंय त्याची नोंद) कोणीतरी वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान मागतंय. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच! सर्टिफिकेट निघालं की नाव जाहीर लॉगमध्ये चढतं आणि बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) तेच वाचत बसलेले असतात. वाचणारा मी एकटा, मग माझा रीडर जगाला दिसायची गरज काय? वायरगार्ड हा व्हीपीएन टाका, किल्ली नसलेल्याला तो उत्तरसुद्धा देत नाही. सीजीनॅट असेल तर टेलस्केल, वायरगार्डवरच चालणारी, पोर्ट न उघडता जोडणारी सेवा. विषय संपला.

पंचवटीकर
चोचले मीच लिहिलं होतं, आजही तेच म्हणतो. तुम्ही एकटे वाचता हो, माझ्याकडे वडील वाचतात. वय ७४, डोळ्यावर चष्मा, शेतीच्या बातम्या आणि चार ब्लॉग. त्यांना व्हीपीएन लावून दिला होता, फोनने बॅटरी वाचवायला तो मारून टाकला की मला ऑफिसात फोन, "अरे तुझं ते बंद पडलं". दिवसातून तीनदा. शेवटी स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीचे पैसे भरले, फ्रेशआरएसएस हा फीड रीडर, एचटीटीपीएस, लॉगिन, चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला अडवणारा फेलटूबॅन, ३ वर्षं झाली काही झालं नाही. बॉट वर्डप्रेस मागतात तर मागू दे, दारावर रोज भंगारवाला ओरडतो म्हणून आपण घर विकतो का?

सिडकोकर
दोघांचंही एक कळत नाही. टेलस्केल म्हंजे दुसऱ्याचाच सर्व्हर ना? स्वतःच्या घरात भाड्याने राहायचं आणि वर सेल्फ होस्टिंग म्हणून मिरवायचं.

गोदाकाठचा
@सिडकोकर त्यांचा सर्व्हर फक्त दोन डिव्हाइसची गाठ घालून देतो. खाजगी किल्ली तुमच्या फोनमधून बाहेर पडत नाही, मध्ये त्यांचा रिले लागला तरी पाकीट बंदच जातं. एवढं खुपत असेल तर हेडस्केल चालवा, म्हंजे गाठ घालणारा सर्व्हर तुमचाच. क्लाउडफ्लेअर टनेलवाल्यांना (त्या कंपनीमार्फत घरचा सर्व्हर बाहेर दाखवणाऱ्यांना) मात्र कोणी बोलत नाही, तिथं टीएलएस म्हंजे एचटीटीपीएसचं कुलूप कंपनीकडेच उघडतं.

सिडकोकर
हेडस्केलला परत पब्लिक आयपीवाला सर्व्हर लागतो. फिरून फिरून भोपळे चौकात. किल्लीचं मान्य, बाकी नाही.

फक्त_फोन
बातम्या वाचायला एवढा उपद्व्याप? १ जुलै २०१३ ला गूगल रीडर गेला तेव्हा मीही रडलो होतो, मग फोनवर अ‍ॅप घेतलं, फुकट, ना पोर्ट ना किल्ली.

गोदाकाठचा
आठ दिवस अ‍ॅप उघडू नका मग बघा. बऱ्याच फीडमध्ये शेवटच्या १०-२० नोंदीच असतात, रोज पन्नास बातम्या टाकणाऱ्याचं मधलं सगळं गेलं. घरचा सर्व्हर रात्रंदिवस जागा राहून गोळा करतो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
जागा राहतो?? कुठल्या नाशकात राहता भो तुम्ही? मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट पाच वेळा गेली-आली, माझा रीडर चालायचा त्या छोट्या कॉम्प्युटरचं, रास्पबेरी पायचं, एसडी कार्ड मेलं. चार वर्षांचे स्टार लावून जपलेले लेख गेले. ओपीएमएल फाइल जपून ठेवलेली होती, पण तिच्यात नुसती फीडची यादी असते हे मला त्या दिवशी कळलं. किल्ल्या-कुलपांवर भांडताय, आधी लाइटीचं बोला.

पंचवटीकर
इन्व्हर्टर नाही का?

सातपूर_सेकंड_शिफ्ट
आहे ना! लाइनवरून बॅटरीवर जाताना जो झटका बसतो त्यात पाय रीस्टार्ट होतो. पंखा चालतो तेवढ्यात, हे नाही.

इंदिरानगरच्या_काकू
इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं बघा. तो केला की पटकन बदलतो. आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर असाच बंद पडायचा, दोन मेकॅनिक येऊन गेले, बटण मला सापडलं.

सिडकोकर
काकू, त्या मोडमध्ये व्होल्टेज जरा हललं की लगेच बॅटरीवर जातो. आमच्याकडे बॅटरी दीड वर्षात बसली.

फक्त_फोन
डिस्टिल्ड वॉटर घालता की बोअरचं? बोअरचं घातलं की बसणारच.

सिडकोकर
मी २२ वर्षं मेंटेनन्सला आहे, मला बॅटरीचं पाणी शिकवू नका. सासऱ्यांनी माझ्या पाठीमागे आरओचं घातलं होतं, ती वेगळी गोष्ट.

फक्त_फोन
म्हणजे पाणीच चुकलं होतं. मोडला कशाला शिव्या?

सिडकोकर
तुम्ही फोनवर बातम्या वाचा हो.

गोदाकाठचा
अरे धागा कशावर आहे?? राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो लावा आणि मुद्द्यावर या.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
लावलाय साहेब. केबलवाल्याचा स्विच बिल्डिंगच्या जिन्याखाली आहे, त्याला कोण लावणार? घरात वायफाय फुल, नेट शून्य.

पंचवटीकर
@गोदाकाठचा तुमच्या नावाने खडे फोडत काल रात्री माझा लॉग उघडला. बॉटचं सोडा, फ्रेशआरएसएसच दोन वर्षं अपडेट केलेलं नव्हतं. केलं. माझा स्वतःचा फोन आणि लॅपटॉप वायरगार्डवर टाकतो, झालं समाधान? वडिलांचं पोर्ट मात्र उघडंच राहणार, त्यांचे फोन घ्यायला तुम्ही येणार असाल तर बंद करतो.

गोदाकाठचा
नंबर द्या त्यांना माझा. आणि "३ वर्षं काही झालं नाही"मधली दोन वर्षं नशिबाची होती हेही लिहा.

पंचवटीकर
लिहिलं असं समजा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
काकू, बटण सापडलं, यूपीएस मोड केला. आत्ताच लाइट गेली, पाय चालू राहिला! राउटर बंद पडला.

इंदिरानगरच्या_काकू
छोटा यूपीएस चार्जिंगला लावलाय का बघा आधी. नाहीतर तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल.