पुणे-बंगळूर दर आठवड्याला: कोणती विमान कंपनी धरावी?

सोमवारी पहाटे जाणं, शुक्रवारी रात्री परत. सामान फक्त 7 किलोची केबिन बॅग, तिकीट स्वतःच्या खिशातून. इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्सप्रेस तिन्हींनी जाऊन पाहिलं. मूळ भाड्यात मला फारसा फरक दिसला नाही. खरी अडचण परतीची तारीख बदलण्याची. मीटिंग लांबली की बदलाचं शुल्क, वर भाड्यातला फरक. गेल्या महिन्यात तर जवळजवळ तिकिटाएवढाच भुर्दंड बसला. इंडिगोचे ब्लूचिप पॉइंट (नेहमीच्या प्रवाशांना प्रवासावर मिळणारे) जमवतोय, पण त्यासाठी एकाच कंपनीला धरून राहणं परवडतं का? (रात्रीची बस नको, पाठदुखी आहे.) नेहमी जाणाऱ्यांनी सांगा: तारीख बदलता येणारं महाग भाडं दर वेळी घ्यावं, की स्वस्त काढून गरज पडली तर सरळ नवीन तिकीट?