फुकटात साजरे झालेले ऋतू : तुमचे अनुभव लिहा

कडुनिंब
सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळी शिबिराची जाहिरात आली. फी वाचून नवऱ्याकडे नुसतं बघितलं, आणि एकदम बाबांचं कॅलेंडर आठवलं. वीस तारखेनंतर आईचा हात आखडायचा. पण नवीन कॅलेंडर भिंतीवर चढायच्या आधी बाबा लाल पेन घेऊन बसायचे. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात ते दिवस, देखाव्यांची रात्र, भोंडला, विज्ञान दिन, सगळ्याला गोल. जिथे तिकीट नाही ते सगळं आमचं. लक्ष्मी रोडला धाकटा बाबांच्या खांद्यावर आणि माझ्या हातात घरच्या चिवड्याचा डबा. 'सुट्टीत मी काय केले' या निबंधाला माझी नेहमी दोन पानं भरायची.
तुमच्याकडे काय असायचं? आता मुलांना कुठे नेता? गाव आणि ऋतू दोन्ही लिहा, म्हणजे बाकीच्यांना उपयोग होईल.

जाईजुई
एसटी!! मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना पूर्ण फुकट. मुलगा नऊ वर्षांचा, त्याचं अर्धं. तिघांचा प्रवास एका तिकिटात. स्वारगेटहून वाईला जातो, ढोल्या गणपती, मग मेणवलीचा घाट. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली ती मोठी घंटा बघितली की पोरगा हलत नाही तिथून. सासूबाई घाटावर पाय सोडून बसतात आणि त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सुरू होतात, ज्या घरी कधी निघत नाहीत. ओळखपत्र न्यायचं मात्र, आईंचं आधार मी माझ्याच पर्समध्ये ठेवते.

गच्चीवरचा मास्तर
मे आलाच आहे म्हणून लगेच लिहितो. शून्य सावली. पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली. पुण्यात साधारण १२:३१, मुंबईत १२:३५, नागपुरात १२:१०. पाण्याची पाइप ओळंब्याने सरळ उभी करा, बाजूला स्टीलचा पेला उपडा ठेवा. बाराला मुलांना वर न्या आणि पाच-पाच मिनिटांनी खडूने सावलीचं टोक आखायला लावा. माझ्या विद्यार्थ्यांना पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती खडूची रेघ जास्त लक्षात राहते. जुलैमध्ये पुन्हा हाच योग असतो, पण तेव्हा ढग. टोप्या घाला, सूर्याकडे बघू देऊ नका.

पाटावरवंटा
मास्तर, सोलापूरला कधी?

गच्चीवरचा मास्तर
सोलापूर पुण्याच्या दक्षिणेला, म्हणजे मे महिन्यात पुण्याच्या थोडं आधी. दहा तारखेपासूनच गच्चीवर लक्ष ठेवा.

ऑरेंज सिटी
आमच्या नागपूरचा तान्हा पोळा कोणी लिहिला नाही अजून? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं आपापले लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी जातात आणि बोजारा मिळतो. पैसे, चॉकलेट, काहीही. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केला असं सांगतात. आमच्या घरचा बैल आजोबांनी सुताराकडून सागवानाचा करून घेतलेला. एक चाक बदललंय, डावं शिंग दोनदा फेव्हिकॉलने चिकटवलंय, रंगाचे थर नखाने खरवडले तर खाली माझ्या बाबांच्या वेळचा निळा दिसतो. आता माझी मुलगी ओढते. आदल्या रात्री आम्ही तिघं बसून झूल शिवतो, जुन्या ब्लाउजपीसची, खर्च शून्य. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघते. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडायला पोरांना जे बळ येतं ना!
पुण्यामुंबईच्या लोकांनी एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या.

जाईजुई
@ऑरेंज सिटी अगं फोटो टाक ना त्या बैलाचा!

ऑरेंज सिटी
अगं नाही हो, मी दादा आहे 😄 टाकतो संध्याकाळी.

खाडीकाठ
नवी मुंबई. रोहित अर्थात फ्लेमिंगो. मे अखेरपर्यंत असतात, नंतर जातात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरायला पांगतात, भरतीला चिखल बुडतो तेव्हा नेरुळच्या तळ्यावर गोळा होतात. म्हणून भरतीची वेळ मोबाईलवर बघूनच निघा. दुर्बीण नसली तरी चालतं, रस्त्यावरून दिसतात.

साधीसुधी
धागा वाचून रडू आलं खरं सांगते. यांची नोकरी जानेवारीत गेली. मुलांनी मॉलचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. एसटी आणि सावली दोन्ही लिहून घेतलं. अजून सांगा सगळ्यांनी.

कडुनिंब
साधीसुधी ताई, तुम्ही कुठल्या गावच्या? मुलं केवढी? विपूत, म्हणजे माझ्या निरोपांच्या पानावर, लिहा, जवळपास असाल तर आपण मिळून जाऊ. डबा मी आणते.

दुर्बीणवाला
२८ फेब्रुवारीला नारायणगावजवळ खोडदला जा. तिथली जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी उघडतात, फुकट. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. गावागावांतल्या शाळांची पोरं प्रयोग मांडतात, ते तर जरूर बघा. एका सातवीतल्या मुलीने सायकलच्या डायनॅमोवर चालणारा पंप इतका सुंदर समजावला की माझा मुलगा घरी येऊन सायकल उघडून बसला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचाही खुला दिवस असतो तेव्हा.

मुक्ताई
मुलांना किल्ले दाखवायचे असतील तर हे माहीत असू दे, पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतंच. १८ एप्रिल आणि १९ नोव्हेंबरला मोठ्यांनाही फुकट असतं. एप्रिलचा गेला, नोव्हेंबरचा लिहून ठेवा.

मांडवीकार
गोव्यात फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला पैसे नाहीत. रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर, पोरं खूश. पाऊस पडत असताना तर अजून मजा. हातात भाजलेले शेंगदाणे असले की झालं.

थेम्सकाठची
इथे लंडनला डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयं फुकट आहेत. पण माझी खरी आवड लायब्ररीचा उन्हाळी वाचन उपक्रम. सहा पुस्तकं वाचली की प्रमाणपत्र. लेक मिळालेल्या स्टिकर्ससाठी भांडते. तुम्ही बैल, भोंडला लिहिताय आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डोळे पुसतेय.

शेतबांध
रानभाज्या! ऑगस्टात कृषी खातं तालुक्याला रानभाजी महोत्सव भरवतं. बघायला पैसे नाहीत, आदिवासी बायका स्वतः ओळख करून देतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. माझी मुलं आता रस्त्याकडेचा टाकळा लांबून ओळखतात. खायची भाजी मात्र माहितगाराला विचारूनच खुडायची, हे मुलांना आधी शिकवा.

पाटावरवंटा
शेवळं मिळतात का तिथे? आमच्याकडे दिसत नाहीत.

शेतबांध
ऑगस्टात नाही हो, शेवळं जूनमध्ये, पहिल्या सरींना. ठाणे-पालघरच्या बाजारात बघा. आतला पिवळा दांडा काढून टाका आणि काकडं (ती आंबट रानफळं) घालायला विसरू नका, नाहीतर घसा खवखवतो.

पाटावरवंटा
काकडं नसतील तर चिंच चालेल?

शेतबांध
चालेल, पण सढळ हाताने घाला. आणि आधी तेलात चांगली परता.

जाईजुई
मी सोडे घालते त्यात. रेसिपीचा वेगळा धागा काढा ना कोणीतरी, इथे साधीसुधी ताईंना जागा राहू दे.

साधीसुधी
नाही नाही, बोला तुम्ही. ठाण्याचीच आहे मी, काकडं जांभळी नाक्याला मिळतात. कोणाला हवी असतील तर जूनमध्ये घेऊन ठेवते.