शब्दचर्चा : ‘झुंज’ की ‘झोंबी’? श्रद्धा, समलिंगी आकर्षण आणि सेवाकार्याची भाषा

प्रश्न : समलिंगी आकर्षण जाणवणाऱ्या, पण ख्रिस्ती श्रद्धा सोडू न इच्छिणाऱ्या व्यक्तींमधील सेवाकार्याविषयी मी मराठीत लिहीत आहे. त्यांच्या मनातील संघर्षासाठी ‘झगडणे’, ‘झुंजणे’ आणि ‘लढणे’ यांपैकी कोणते क्रियापद घ्यावे? आणि त्यांना ‘समलैंगिक विश्वासणारे’ म्हणावे की ‘समलिंगी आकर्षण अनुभवणारे विश्वासणारे’?

उत्तर : झुंजायचे म्हटले की समोर शत्रू लागतो, आणि ‘आकर्षणाशी झुंजणारा’ असे लिहिताच माणसाच्या अंतरंगाचाच एक भाग शत्रू ठरतो, तोही लेखकाने, त्या माणसाला न विचारता. माझ्या मते येथे ‘झोंबी’ हा शब्द अधिक योग्य आहे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात याकोब पहाट होईपर्यंत झोंबी करतो. ती शत्रूशी नसून खुद्द देवाशी आहे, हे त्याला मागाहून उमगते, आणि तो आशीर्वाद घेऊन, पण लंगडत, पुढे जातो. अशा व्यक्तींचा प्रश्न बहुधा ‘हे आकर्षण कसे हरवू’ एवढाच नसतो. ‘देवा, तू माझ्याकडून काय मागतोस’ असाही असतो. ‘श्रद्धेची झोंबी’ या शब्दांत तो प्रश्न मावतो.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण येथे प्रत्येक शब्दामागे एक भूमिका उभी आहे. ‘समलिंगी आकर्षण’ हा शब्दप्रयोग अनुभव सांगतो, तर ‘समलैंगिक’ ओळख सांगतो. न्यूयॉर्कमध्ये 1980 साली सुरू झालेली ‘करेज’ ही कॅथलिक सेवा पहिला प्रयोग पसंत करते, कारण माणसाची ओळख त्याच्या आकर्षणावरून ठरू नये असे ती मानते. उलट, ब्रह्मचर्य पाळणारे कित्येक ख्रिस्ती स्वतःला निःसंकोचपणे समलैंगिक म्हणवतात, आणि समलिंगी विवाहास मान्यता देणाऱ्या मंडळ्यांना (चर्चना) तर पहिल्या प्रयोगात लपवाछपवी दिसते. म्हणून ज्याच्याविषयी लिहितो तो स्वतःला जे म्हणवतो तेच लिहावे.

पुढील प्रश्न : पवित्र शास्त्रात ‘समलैंगिक’ हा शब्द आहेच ना? मग एवढा संकोच कशाला?

उत्तर : मूळ ग्रीकमध्ये नाही. 1 करिंथ 6:9 मध्ये, देवाच्या राज्याचे वतन न मिळणाऱ्यांच्या यादीत, दोन शब्द शेजारी आहेत : ‘मालाकोई’, म्हणजे शब्दशः मऊ, आणि ‘आर्सेनोकोइताई’, जो ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ यांच्या जोडणीतून बनला आहे. त्यांचा नेमका रोख कोणावर आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आजच्या अर्थाची संज्ञा जर्मनमध्ये 1869 साली प्रथम छापली गेली, आणि 1946 च्या एका इंग्रजी भाषांतराने ते दोन्ही शब्द त्या एकाच संज्ञेत बसवले. 1971 च्या आवृत्तीत तो पर्याय बदलण्यात आला. ग्रीक शब्द कृतीकडे बोट दाखवतात असे मानले, तरी आधुनिक संज्ञेमुळे केवळ आकर्षण जाणवणाराही त्या यादीत जाऊन पडतो. एका शब्दाच्या निवडीने प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या मनावर किती ओझे पडते, हे भाषांतरकाराने विसरू नये.

पुढील प्रश्न : ‘बरे होणे’ आणि ‘मुक्त होणे’ हे शब्द वापरावेत का?

उत्तर : ‘बरे होणे’ टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या वर्गीकरणातून वगळली, तेव्हा हा शब्द वस्तुस्थितीलाही धरून नाही. समलिंगी आकर्षण बदलता येते असे सांगणाऱ्या, 1976 मध्ये स्थापन झालेल्या एका मोठ्या सेवासंस्थेचे नावच ‘एक्झोडस’, म्हणजे ‘निर्गम’ (इस्राएली लोकांचे मिसरच्या गुलामीतून बाहेर पडणे), होते. त्या नावातच सुटकेचे आश्वासन होते. 2013 मध्ये तिच्या अध्यक्षांनी झालेल्या दुखापतीबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि संस्था बंद झाली. बदलाच्या आशेने वर्षे घालवलेल्या कित्येकांना आकर्षण गेले नाही म्हणजे आपला विश्वासच कमी पडला, असे वाटत राहिले होते. ‘मुक्त होणे’ पापक्षमेच्या संदर्भात जरूर वापरावे, मात्र तेथे संदर्भ स्पष्ट असावा.

राहिला ‘मिनिस्ट्री’ हा शब्द. त्यासाठी ‘सेवा’ किंवा ‘सेवाकार्य’ रूढ आहे, आणि एखाद्या व्यक्तीची पाळकाने घेतलेली काळजी अभिप्रेत असेल तर ‘पाळकीय सेवा’ म्हणावे. ‘समलैंगिकांसाठी सेवा’ यापेक्षा ‘समलैंगिकांसोबतची सेवा’ मला अधिक बरी वाटते, कारण तेही मंडळीचेच सभासद आहेत.