सेकंड हँड पॅसिफिका: नेक हातात बसतो, किंमत बसत नाही

निवांत_स्ट्रमिंग:
मंडळी मदत हवीय. घरी दादाची यामाहा सी४० आहे, नायलॉन तारांची, तिच्यावरच शिकतोय पण माझे हात लहान आणि तिचा नेक (तारांखालचा लांब दांडा) म्हणजे नुसता फळा, एफ कॉर्ड धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. काल डोंबिवलीला एकाकडे यामाहाचीच पॅसिफिका ११२ ही इलेक्ट्रिक गिटार बघून आलो, हातात घेतल्याघेतल्या बरं वाटलं. तो १५ हजार म्हणतोय, बॅग आणि केबल सोबत, जाहिरातीत 'फिक्स' लिहिलंय. पहिले दोन-तीन फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासलेत, व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते. १२ च्या वर मला झेपत नाही. बोलू कसं? आणि नेक खरंच सोयीचा आहे की मलाच उगाच तसं वाटतंय?

खर्जातला_बाबू:
उगाच नाही. सी४० चा नेक नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, ५२ मिमी रुंद, पॅसिफिकाचा ४१. बॅरे, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून, धरताना एवढा फरक कळणारच, वर इलेक्ट्रिकच्या तारा बारीक. पण स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, दोन्हीची जवळपास तीच, ६५० आणि ६४८ मिमी, म्हणजे फ्रेटमधलं अंतर काही कमी होत नाही, बोटं ताणावी लागतात हीच तक्रार असेल तर ती तशीच राहणार, मग ६२८ च्या आसपास स्केलची लेस पॉल टाईप इलेक्ट्रिक बघ. आणि अंगठा नेकच्या मागे मधल्या बोटासमोर ठेव रे, चिमटा काढल्यासारखा दाबू नको. पट्टा लावून उभ्यानेही वाजवून बघ.

घासाघीस_स्पेशालिस्ट:
फिक्स सगळेच लिहितात 😄 खरखर सोडून दे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की बहुतेक वेळा जाते, त्यावर भाव पाडायला गेलास तर समोरचा ओळखेल की तुला काही कळत नाही. फ्रेटवर बोल. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून ऐक, कुठे बझ (तार फ्रेटला घासून झणझण) येतो का, बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढताना, ती खाचेत अडकते का. वरवरचं घासलेलं असेल तर लेव्हलिंगमध्ये (सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणताना) निघतं, खोल खाचा असतील तर फ्रेट बदलायला लागतील आणि ते महाग काम, आधीच रिपेअरवाल्याला फोटो पाठवून आकडा घे, तोच आकडा शांतपणे समोर ठेव. मग नेक. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघ, व्हिजिटिंग कार्डाएवढी असेल तर ठीक. पावसाळ्यात थोडंफार हलतंच. पण ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करायची सळई) जाम असेल किंवा नेकला पीळ असेल तर फुकट दिली तरी घेऊ नको. सगळं ठीक असेल तर ११ पासून सुरुवात कर.

सहा_तारांची_ताई:
मी दोन गिटारी विकल्यात म्हणून सांगते, मेसेजवर 'लास्ट किती' विचारणाऱ्याला मी उत्तरच देत नाही. समोर जा, नीट वाजव, गिटार आवडलीय हे लपवू नकोस आणि मग बजेट सांग. 'बॅग-केबल तुमच्याकडेच ठेवा, १२ आत्ता यूपीआय करतो' म्हटलं की बरेच जण विचार करतात. पण काय रे, अँप (इलेक्ट्रिकचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आहे का तुझ्याकडे? नाहीतर सगळे १२ गिटारीतच घालू नको.

निवांत_स्ट्रमिंग:
अँप मामेभावाचा मिळतोय ताई, धूळच खातोय तिकडे. रविवारी परत जातो. १२ ला नाहीच म्हणाला तर १३ करू का?

घासाघीस_स्पेशालिस्ट:
आधी फ्रेट तपास. बझ निघाला तर १२ सुद्धा जास्त आहेत.