चौकटीतला तीन फितींचा जवान: फोटो वाचायचा कसा?

मंगळवारपेठी:
नमस्कार मंडळी. जुन्या बाजारात मिळालेला हा फोटो. पोस्टकार्डाएवढा, पाच जवान, मधल्याच्या बाहीवर तीन फिती. चौघांच्या छातीवर दोन-दोन मोठ्या चौकोनी पिशव्या. मधल्याच्या दंडावर काळा चौकोन, आत काहीतरी अंधुक. चौकटीच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी बॉलपेनने 'यशवंत घाडगे, व्हीसी' असं लिहिलंय. काळ, पलटण, माणूस, यातलं काय ठरवता येईल? आणखी एक, फोटो काचेला चिकटलाय. या पाच चेहऱ्यांनी अगदी पछाडलंय, म्हणून विचारतो.

खडकीकर:
आधी ते नाव बाजूला ठेवा. घाडगे हे ३/५ मराठाचे, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे, नाईक होते, म्हणजे दोन फिती. तुमच्या फोटोतला तीन फितींचा, म्हणजे हवालदार आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यावर धाव घेतली आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यामुळे छातीवर त्या पदकाची फीत लावलेला त्यांचा फोटो असूच शकत नाही. फोटोवर नाव चढलं की भाव चढतो, म्हणून पुठ्ठ्यावरच्या अक्षराला पुरावा मानू नका.

काळ पिशव्यांवरून ठरतो. त्या १९३७ पॅटर्नच्या वेबिंगच्या, म्हणजे जाड कापडी पट्ट्यांच्या साजाच्या आहेत; ब्रेन या हलक्या मशिनगनची मॅगझिनं मावावीत म्हणून एवढ्या मोठ्या केल्या. म्हणजे दुसरं महायुद्ध किंवा त्यानंतरचं. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. नवं वेबिंग हिंदुस्थानात सावकाश पोचलं, त्यामुळे जुना चामडी पट्टा दिसला म्हणून फोटो पहिल्या महायुद्धाचा ठरत नाही. तिथे पोलादी टोप बघा. तो १९१६ पासून सर्रास आला आणि आपलं पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हललं. 'फ्रान्स १९१५' लिहिलेल्या फोटोत पायदळाच्या डोक्यावर टोप असेल तर मथळ्यावर शंका घ्या.

दंडावरचा चौकोन, म्हणजे डिव्हिजनचं चिन्ह, सगळ्यात मोलाचा. हौशी लोकांच्या रोल फिल्म तेव्हा बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना लाल रंग दिसत नाही, तो काळाच उतरतो. हिंदी सैन्याच्या पाचव्या डिव्हिजनचं चिन्ह काळ्यावर लाल गोळा, दहाव्याचं काळ्यावर लाल तिरकी पट्टी. दोन्ही फोटोत जवळजवळ विरून जातात. कडा गोल आहे की तिरकी, एवढंच शोधा. ३/५ मराठा १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत पाचव्या डिव्हिजनमध्ये होती, म्हणून गोळा निघाला तर धागा हाती लागला म्हणा. पण एका डिव्हिजनमध्ये अनेक पलटणी असतात, चिन्हावरून पलटण सिद्ध होत नाही. आणि प्रसिद्धीसाठी काढलेला सरकारी फोटो असेल तर सेन्सॉरने चिन्ह पुसलेलंही असू शकतं.

जुनी_काच:
काच! ओढू नका, भिजवू नका, ड्रायर लावू नका. दमट हवेत फोटोवरचं जिलेटिन फुगून काचेला धरतं. ओढलंत तर चेहरा काचेवर राहील आणि हातात पांढरा कागद. काचेसकटच स्कॅन करा. सीसीडी नावाच्या सेन्सरचा, सपाट काचेचा (फ्लॅटबेड) स्कॅनर हवा. पातळ, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर बहुधा सीआयएस या दुसऱ्या जातीच्या सेन्सरचे असतात, त्यांना खोली झेपत नाही, एका काचेच्या अंतरानेही चित्र धूसर होतं. संपूर्ण फोटो ६०० डीपीआयला, दंडाचा तुकडा १२०० ला, टिफ फाइल. जेपेग नको. चौकटीची आणि स्कॅनरची अशा दोन काचांमध्ये तेलकट रंगीत वलयं दिसली तर कोपऱ्यांत कागदाच्या बारीक पट्ट्या घालून चौकट केसभर उचला.

फोटो 'सुधारणारी' ॲप वापरू नका. ती नसलेलं चिन्ह रंगवतात आणि डोळे बदलतात.

मंगळवारपेठी:
पट्ट्यांची युक्ती नवीनच कळली. आणि तुलनेसाठी फोटो कुठे शोधू?

खडकीकर:
लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संकेतस्थळावर. 'मराठा' नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाकलंत तर बरंच निसटेल. तेव्हाचं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. क्रमांकाआधी एनए असेल तर बहुधा इटली, ई असेल तर वाळवंट, आयएनडी असेल तर हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश. एक फोटो जुळला की आधीचे-नंतरचे दहा-दहा क्रमांक चाळा. तीच माणसं पुढच्या फोटोत वळलेली दिसतात, आणि 'हल्ला' मुद्दाम उभा केलेला असेल तर तेही तिथेच कळतं.

नावासाठी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत लगेच जाऊ नका. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या, पश्चिम आणि मध्य भारतातून आणलेल्या कबरी आहेत. इटलीत पडलेल्या आणि दहन झालेल्या जवानांची नावं तिकडच्या स्मारकांवर कोरलीत. घाडग्यांचं इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. हा हवालदार युद्धातून घरी परतला असेल तर तो यातल्या कुठल्याच यादीत नसणार. आधी दंडाचा १२०० चा तुकडा इथे टाका, कडा बघू.