विषय: ऑगस्टमधली फी आणि दिवाळीनंतरचा कापूस

नमस्कार मंडळी,

यंदाही दहावी-बारावीच्या गुणवंतांना बक्षिसं द्यायचं आपल्या कमिटीत ठरलंय. माझी कळकळीची विनंती आहे, तो पैसा दुसऱ्या कामाला लावू या.

परवाच यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून परत आले. भाच्याचा अमरावतीला इंजिनिअरिंगला नंबर लागला, तोही कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. ओबीसी, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, सगळे कागद तयार. म्हणजे अर्धं शिक्षण शुल्क सरकार भरणार. पण कॉलेजवाले म्हणाले, आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. भाऊ खिडकीवर कापसापर्यंतची मुदत मागत होता, "पऱ्हाटी फुटली का भरतो जी, तवरिक थांबा." कोणी थांबलं नाही. वहिनीची पोत गहाण पडली.

— दारव्ह्याची ताई

उत्तर:

ताई, वाचून वाईट वाटलं. पण महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, एवढ्या योजना आहेत, इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पात्र मुलींची फी तर २०२४-२५ पासून माफ आहे. मग आपण कशासाठी भरायचं? आणि मार्क पाहून दिलं की वाद होत नाही. गरजू कोण, हे इथे बसून कसं ठरवणार?

— खजिनदार

उत्तर:

काका, योजना आहेत आणि त्यांच्यामुळेच पोरं शिकतायत. पण मुलींची माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. खोलीभाडं आणि मेस त्यात नाही. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता मोठा आधार आहे, पण तो येईपर्यंत मेसवाला थांबत नाही, दर महिन्याला मागतो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. केंद्राचा वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, मग त्याने तो कॉलेजात भरायचा. तो येईपर्यंत नावापुढे बाकी दिसते, आणि कुठे कुठे परीक्षेचा फॉर्मच अडवतात.

खरी अडचण वेळेची आहे. जूनमध्ये पेरणी, मग खत, निंदण, फवारणी. ऑगस्टात घरात दमडी नसते, आणि प्रवेश नेमके तेव्हाच. कापसाचा पैसा दिवाळीनंतर. या तीन-चार महिन्यांतच सावकाराचं फावतं. म्हणून बक्षीस नको, बिनव्याजी उसने देऊ. कापूस विकला की अर्धे, शिष्यवृत्ती जमा झाली की उरलेले.

ठरवायचं कसं म्हणता? कॅपचं वाटपपत्र आणि महाडीबीटीच्या अर्जाची पावती मागा. मार्क विचारू नका. आणि जामीनदार तर मुळीच मागू नका. कोरडवाहू पाच एकरवाल्याला जामीन कोण राहतो?

— ताई

उत्तर:

ताई, पटलं. दारव्हा, दिग्रस, नेर या तीन तालुक्यांपासून सुरुवात करू. जामिनाचं मी कमिटीत बोलतो, तिथे विरोध होईल, तेव्हा तूही ये. आणि रक्कम जूनआधी तयार हवी, राउंड लागल्यावर गोळा करत बसायचं नाही. माझे या आठवड्यात जमा करतो.

— खजिनदार